ग्रंथचर्चा आणि सीमेवरचा वाचक
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



ग्रंथालयाच्या आयुष्याची शंभर वर्षे मोजावयाची म्हटली की सामान्यतः ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, इमारतीचा खर्च आणि देणगीदारांची नावे पुढे मांडली जातात. ही मोजदाद आवश्यकच आहे. परंतु एक नोंद कोणत्याही ग्रंथालयाच्या दप्तरात सापडत नाही. पुस्तक परत करताना वाचक ग्रंथपालाजवळ, किंवा दारात भेटलेल्या दुसऱ्या वाचकाजवळ, त्या पुस्तकाविषयी काय बोलला, ही ती नोंद होय. देवघेवीच्या वहीत पुस्तक गेल्याची तारीख असते आणि आल्याची असते. मधल्या पंधरवड्यात त्या पुस्तकाने कोणाचे काय केले याविषयी वही मुकी असते. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी असते. वाचनकक्षात ती हवी, याविषयी वाद नाही. पण त्या पाटीचा अर्थ हळूहळू असा होऊन बसला की, ग्रंथालय ही बोलण्याची जागाच नव्हे. वर्षातून दोनतीन व्याख्याने ठेवली की बोलण्याचा भाग संपला, असे कार्यकारी मंडळे धरून चालतात. व्याख्यानात एक बोलतो आणि शंभर ऐकतात. प्रस्तुत प्रसंगही त्याच जातीचा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तेव्हापासून मराठी समाजाने व्याख्यान ऐकण्याची कला उत्तम आत्मसात केली. चार माणसांनी एक पुस्तक मध्ये ठेवून परस्परांचे म्हणणे खोडावे, पुन्हा मांडावे, आणि उठताना मैत्री शाबूत असावी, ही दुसरी कला मात्र तितकीशी रुजली नाही.

या दुसऱ्या कलेची गरज सर्वांत अधिक कोठे आहे, हे पाहण्यासाठी पुण्या-मुंबईकडे नव्हे, तर मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या दोन गावांकडे व त्यांच्या परिसराकडे वळावयाचे आहे. नागपुरापासून सौंसर सत्तर किलोमीटरांच्या आसपास आहे आणि पांढुर्णा शंभराच्या आसपास. राज्याची राजधानी भोपाळ मात्र पांढुर्ण्याहून अडीचशे किलोमीटरांपलीकडे पडते. सातपुड्याच्या घाटाखाली, नागपूरच्या मैदानाकडे तोंड करून बसलेला हा मुलूख आहे. संत्र्यांच्या बागा तशाच, कपाशी तशीच, पोळा तसाच. देवगडच्या गोंड राजांनंतर तो नागपूरच्या भोसल्यांकडे आला. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, आणि छिंदवाडा जिल्ह्याची सौंसर तहसील म्हणून हा भाग इंग्रजी दप्तरात स्थिरावला. रसेल यांनी संपादिलेले छिंदवाडा जिल्ह्याचे गॅझेटिअर १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा पांढुर्णाही याच तहसिलीत होते. जिल्ह्याचा घाटावरचा भाग हिंदी बोलणारा आणि घाटाखालचा मराठी बोलणारा, ही विभागणी त्या काळीही सर्वज्ञात होती.

पुढे राज्य पुनर्रचना आयोगाचा १९५५ चा अहवाल आला. सीमा ठरविताना आयोगाने सामान्यतः जिल्हा हा घटक मानला. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ असे आठ जिल्हे मराठी गणले गेले. छिंदवाडा हा जिल्हा म्हणून हिंदी, सबब त्याची मराठी तहसीलही हिंदी राज्यात. बेळगाव-कारवारच्या प्रश्नात महाराष्ट्राने खेडे हा घटक धरावा म्हणून अनेक दशके आग्रह धरला. सौंसरच्या वाट्याला तो आग्रह फारसा आला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हे लोक जेथे होते तेथेच राहिले.

शेवटच्या विधानात एक महत्त्वाची गोष्ट दडली आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला सरसकट 'बृहन्महाराष्ट्रीय' म्हणण्याची प्रथा आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी समाज पेशवाईतील सरदारांबरोबर तेथे गेला. त्याला दरबारचा आश्रय होता, त्याच्या संस्था राजाश्रयाने वाढल्या. साहित्य संमेलन इंदुरास १९१७ मध्ये आणि ग्वाल्हेरीस १९२८ मध्ये भरले. १९६१ मध्ये ग्वाल्हेरीसच कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने संमेलनाला पहिली स्त्री अध्यक्ष लाभली. हे सारे वैभव योग्यच आहे. पण पांढुर्णा-सौंसरचा शेतकरी कोठून कोठे गेलेला नाही. तो आपल्याच वावरात उभा राहिला आणि सीमा त्याच्या धुऱ्यावरून सरकली. त्याच्या मागे दरबार नाही, त्याच्या भाषेत स्थलांतरिताचे स्मरणरंजनही नाही. म्हणून त्याच्या वाचनाचा प्रश्न बृहन्महाराष्ट्राच्या ठरीव चौकटीत बसत नाही.

वर्तमानपत्रांत पांढुर्ण्याचे नाव वर्षातून एकदा येते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावला जातो, आणि पांढुर्णा व सावरगाव अशा दोन काठांवरची माणसे तो मिळविण्यासाठी परस्परांवर दगड फेकतात. माणसे जखमी होतात. प्राणही गेले आहेत. त्या गावात वाचणारी माणसेही राहतात, हे सांगण्याचा प्रसंग वर्तमानपत्रांना येत नाही. २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा काही दिवस नाव पुन्हा झळकले, इतकेच.

आता या भागातील घराचा विचार करावा. नागपुरी आणि वऱ्हाडी यांच्या सांध्यावरची बोली घरात आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीवरील खंडात, १९०५ मध्ये, या बोलींची दखल घेतली गेली. तो खंड स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने सिद्ध केला होता. बोलीत 'ळ' पुष्कळदा 'य' होतो. आजी 'डोया' म्हणते. मराठी पुस्तकात 'डोळा' छापलेले असते. शाळेच्या हिंदी पुस्तकात 'आँख' असते. एका अवयवाला तीन शब्द, आणि तिन्ही आपलेच. मूल हिंदी माध्यमात शिकते. लिपी देवनागरीच असल्यामुळे मराठी पुस्तकातील अक्षरे त्याला परकी नसतात. ते वाचू लागते, 'ळ'पाशी अडखळते, 'च' आणि 'ज' यांचे दोन उच्चार त्याला पुस्तकातून कळत नाहीत, आणि चारदोन पानांनंतर ते पुस्तक मिटते. येथे अडचण निरक्षरतेची नाही, द्वेषाची नाही, आर्थिकही फारशी नाही. त्या वाचकाला वाचताना शेजारी बसून बोलणारे कोणी नाही, ही अडचण आहे. अन्यत्र ग्रंथचर्चा हा वाचनानंतरचा विलास असेल. येथे ती वाचनाची पूर्वअट आहे. पुस्तके कपाटात असूनही मराठी वाचन एका पिढीत थांबू शकते, आणि ते थांबल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. कारण घरात मराठी बोलणे चालूच असते.

बोलण्याची आणि वाचण्याची ही गाठ पूर्वी पोथी घालीत असे. चातुर्मासात देवळात किंवा एखाद्याच्या ओसरीवर श्रीधराचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' लागे. एक वाचक ओवी म्हणे, दुसरा अर्थ सांगे, आणि अक्षरओळख नसलेल्या स्त्रियाही त्या ग्रंथाच्या वाचक होत. विदर्भात या परंपरेला दासगणूंच्या 'गजानन विजय' ग्रंथाने आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या 'ग्रामगीते'ने नवे बळ दिले. एकेचाळीस अध्यायांची ग्रामगीता गावाच्या सफाईपासून सामुदायिक प्रार्थनेपर्यंत अनेक विषय ओवीत सांगते; आणि तुकडोजी महाराजांची भजने मराठीत तशीच हिंदीतही आहेत, ही गोष्ट सीमाभागाच्या दृष्टीने लहान नाही. त्यांना दोन भाषा हे संकट वाटले नाही. श्रोता ज्या भाषेचा, त्या भाषेत खंजिरी वाजली.

मात्र पोथीवाचनाला एक मर्यादा आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. पोथीपुढे बसलेल्या श्रोत्याला शंका विचारण्याची मुभा असते, मतभेदाची नसते. पुराणिकाने लावलेला अर्थ पुण्यकारक, तेव्हा तो मान्य. धर्मग्रंथापुरते हे योग्य असेल. पण हीच सवय कादंबरीला आणि कवितेला लागली म्हणजे वाचक मान डोलावणारा होतो. प्रसिद्ध लेखकाचे नाव घेतले की मान डोलते, पुरस्काराचा उल्लेख झाला की अधिक डोलते. पुस्तक आवडले नाही असे चारचौघांत म्हणावयास धैर्य लागावे, हे वाचनसंस्कृतीच्या प्रकृतीचे लक्षण नव्हे.

मराठीत दुसरी परंपराच नाही, असे मात्र कोणी समजू नये. पांढुर्ण्याहून वरूड-मोर्शीच्या वाटेने गेले की अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर लागते. तेराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात, श्रीचक्रधर निघून गेल्यानंतर, त्यांचा शिष्यपरिवार नागदेवाचार्यांभोवती येथे जमला. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी जमविण्याचे काम हाती घेतले. ते ज्या पद्धतीने झाले तिचा विचार ग्रंथालय चालविणाऱ्या प्रत्येकाने करावा. ज्याने जे पाहिले त्याला ते विचारावयाचे. दुसऱ्याने वेगळे सांगितले तर तेही टिपावयाचे. नागदेवाचार्यांशी पडताळा घ्यावयाचा. मूळ पोथी आक्रमणाच्या धामधुमीत नष्ट झाली, असे परंपरा सांगते, आणि पुढे ती अनेकांच्या स्मरणातून पुन्हा उभी करावी लागली. त्यामुळे 'लीळाचरित्रा'चे निरनिराळे पाठ झाले, आणि अमुकाच्या स्मरणाप्रमाणे असे, तमुकाच्या स्मरणाप्रमाणे तसे, अशी भिन्न मते त्या परंपरेने पुसून न टाकता जपली. मराठीतील आद्य गद्यग्रंथ हा असा एका मंडळाच्या विचारपुशीतून सिद्ध झाला आहे. एकांतातील प्रतिभेचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. पण ग्रंथ हा संभाषणातूनही जन्मतो, ही गोष्ट मराठीने फार लवकर दाखवून दिली.

त्याच परिवाराची आणखी एक कथा 'स्मृतिस्थळा'त आहे. केशिराजबास संस्कृतात रचना करू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले. कारण असे दिले की, त्यामुळे परिवारातील म्हाताऱ्या स्त्रियांना त्या ज्ञानाला मुकावे लागेल. ही कथा मराठीच्या अभिमानाने वारंवार सांगितली जाते, आणि २०२४ मध्ये रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाल्यापासून अधिकच सांगितली जाते. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. परंतु कथेतील युक्तिवाद नीट पाहिला तर तो मराठीच्या श्रेष्ठतेचा नाही. मंडळात बसलेल्यांपैकी कोणी वगळले जाऊ नये, हा तो युक्तिवाद आहे. त्या काळी वगळली जाणारी व्यक्ती संस्कृत न जाणणारी वृद्धा होती. पांढुर्णा-सौंसरच्या आजच्या मंडळात वगळली जाणारी व्यक्ती कोण? प्रमाण मराठीत सलग दहा वाक्ये बोलताना जिची जीभ अडखळते ती हिंदी माध्यमात शिकलेली अठरा वर्षांची मुलगी. नागदेवाचार्यांचा निकष प्रामाणिकपणे लावावयाचा तर तिला हिंदीत बोलू दिले पाहिजे.

येथे आक्षेप येईल की, चर्चा हिंदीत होऊ लागली तर मराठीचे काय उरले? आक्षेप गंभीर आहे. सीमेवरच्या भाषा बहुधा अशाच सौजन्याने मागे सरतात. घरात पाहुणा आला की त्याच्या भाषेत बोलावे, आणि पाहुणा कायम राहिला की तीच घरची भाषा व्हावी. म्हणून एक भेद काटेकोरपणे पाळावयास हवा. मध्ये ठेवलेले पुस्तक मराठी असले पाहिजे, त्यातील उतारा मराठीतच मोठ्याने वाचला गेला पाहिजे. त्याविषयीचे बोलणे मात्र ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत होऊ द्यावे. पुस्तकाची भाषा सोडली तर सारेच सुटले. बोलण्याच्या भाषेचा हट्ट धरला तर नवी पिढी दारातूनच परत जाईल. शुद्धतेची चौकी वाचनालयाच्या दारावर बसविणाऱ्या मंडळींनी आपल्या सभासदांची वये एकदा तपासून पाहावीत.

दाराचा विषय निघाला आहे तर आणखी एका प्रसंगाचे स्मरण अप्रस्तुत होणार नाही. लोकहितवादी आणि रानडे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथकारांची पहिली सभा ११ मे १८७८ रोजी पुण्यात भरली आणि दुसरी १८८५ मध्ये. या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारले आणि नकाराची कारणे लिहून कळविली. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या व्यथेला स्थान नाही त्यांच्यात मिसळून काय साधणार, असा त्यांचा रोख होता. चर्चेचे मंडळ कितीही सद्हेतूने बसले तरी ज्यांना त्यात जागा नाही ते त्याचे खरे परीक्षक असतात. पुढे नव्वद वर्षांनी, १९७५ च्या सुमारास, 'ग्रंथाली'ने स्वतःला वाचक चळवळ म्हणवून कामास आरंभ केला, आणि दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये व लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' १९८० मध्ये वाचकांपुढे आणले. त्या पुस्तकांवर गावोगाव जी वादळी बोलणी झाली तीत फुल्यांच्या पत्राचे उत्तर थोडेसे तरी दिले गेले. ज्यांच्याविषयी आजवर बोलले जात होते ते स्वतः बोलू लागले होते. सौंसरच्या परिसरात मराठी भाषकांखेरीज गोंडी बोलणारेही आहेत. मराठीच्या उपेक्षेविषयी हळवे होताना त्यांची आठवण राहावी.

सिद्धांत पुष्कळ झाला. प्रत्यक्ष एखादे पुस्तक घेऊन पाहावे. उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. कौतिक या स्त्रीने दारिद्र्याशी आणि कर्तृत्वशून्य नवऱ्याशी दिलेली झुंज हा तिचा विषय. प्रदेश अमरावतीकडचा, संवाद वऱ्हाडी बोलीतील. पुण्याच्या वाचकाला या संवादांपाशी थांबून अर्थ लावावा लागतो. पांढुर्ण्याच्या मंडळात ही कादंबरी मोठ्याने वाचली तर नेमके उलटे होईल. निवेदनातील प्रमाण मराठीपाशी तरुण श्रोता थबकेल. संवाद सुरू झाले की आजीसुद्धा पुढे सरकून बसेल, कारण ते तिच्या चुलीपाशी बोललेले वाटतील. पुस्तकात ज्याला जागा नाही असे ज्या बोलीविषयी शाळेने आणि शहराने मिळून शिकविले, तीच बोली छापलेल्या पानावर आहे आणि तिने मराठी कादंबरीत मानाचे स्थान मिळविले आहे, हा शोध साठ व्याख्यानांनी लागणार नाही. एका उताऱ्याच्या प्रकट वाचनाने लागेल. आणि त्या दिवशी अर्थ सांगण्याचा अधिकार प्राध्यापकाकडून आजीकडे जाईल. एखादा वऱ्हाडी शब्द अडला तर तिलाच विचारावे लागेल.

पुढे बोलणे रंगले म्हणजे दोन भाषांची गंमत सुरू होईल. कौतिकच्या संसाराविषयी कोणी बोलले तर हिंदीत वाढलेला मुलगा त्याचा अर्थ प्रथम 'जग' असा घेईल. मराठीत संसार म्हणजे घरप्रपंच. हिंदीत संसार म्हणजे अवघे विश्व. त्याची चूक दुरुस्त करण्यापूर्वी क्षणभर थांबावे. कौतिकच्या बाबतीत त्या दोन अर्थांत खरोखर किती अंतर उरते? चार मडकी आणि पोटची लेकरे एवढेच तिचे विश्व आहे, आणि ते वाचविण्यात तिचे सारे आयुष्य खर्ची पडते. मुलगा चुकून ज्या ठिकाणी पोचला तेथे एखादा समीक्षक विद्वत्तेने पोचला असता. 'राग' हा शब्दही असाच. हिंदीच्या वळणाने त्यात अनुराग येतो, मराठीच्या वळणाने संताप. 'चेष्टा' मराठीत थट्टा, हिंदीत प्रयत्न. 'शिक्षा' तर सर्वांना ठाऊक आहे; हिंदी शाळेतील शिक्षेचा मराठी अर्थ काढून मुले पिढ्यान्‌पिढ्या हसत आली आहेत. एकभाषिक वाचकाला हे सुख नाही. सीमेवरच्या वाचकाची जी उणीव म्हणून सांगितली जाते ती चर्चेत त्याची श्रीमंती ठरू शकते; मात्र तिला बोलण्यासाठी सतरंजी हवी.

या श्रीमंतीचे मोठे दाखले याच टापूच्या आसपास आहेत. माधवराव सप्रे मराठी घरातले. हिंदी पत्रकारितेच्या आद्य शिल्पकारांत त्यांची गणना होते, आणि टिळकांचे 'गीतारहस्य' व समर्थांचा 'दासबोध' हिंदी वाचकांपर्यंत नेण्याचे श्रेय त्यांचे आहे. मुक्तिबोध बंधूंची कथा तर विलक्षण. एकाच मराठी घरातील थोरले गजानन माधव हिंदीतील युगप्रवर्तक कवी झाले. धाकटे शरच्चंद्र मराठीत कवी, कादंबरीकार आणि समीक्षक म्हणून मान्यता पावले व त्यांच्या 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथाला १९७९ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. थोरल्या मुक्तिबोधांची उमेदीची कित्येक वर्षे नागपुरात गेली. दोन भावांनी दोन भाषा घेतल्या म्हणून एक घर उणे झाले असे कोण म्हणेल?

आणखी जवळचे नाव म्हणजे चंद्रकांत देवताले यांचे. बैतूल जिल्ह्यातील जौलखेड्याला १९३६ मध्ये जन्मलेल्या या हिंदी कवीने दिलीप चित्रे यांची मराठी कविता हिंदीत नेली. जौलखेडा मुलताईच्या बाजूचे, म्हणजे पांढुर्ण्याच्या शेजारचेच. २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या 'पत्थर फेंक रहा हूँ' या संग्रहाला मिळाला. शीर्षकाचा संबंध गोटमारीशी जोडण्याचा मोह अभ्यासकाने आवरावा, कारण कवीच्या मनात ते होते असे म्हणावयास आधार नाही. पण जाम नदीच्या काठचा वाचक तो संबंध जोडल्यावाचून राहणार नाही, आणि मंडळात त्याला मज्जाव नसावा. कवीचा अर्थ कवीजवळ. सावरगावच्या वाचकाच्या कपाळावर पूर्वी लागलेल्या दगडाची खूण असेल तर त्या शीर्षकावर त्याचाही काही हक्क पोचतो. चित्रे मराठीत आणि देवतालेकृत अनुवाद हिंदीत, असे दोन्ही समोर ठेवून एक बैठक केली तर अनुवाद म्हणजे काय हे समजण्यासाठी वेगळ्या शिबिराची गरज उरणार नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी राहिल्या. पहिली पुस्तकांची. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, वर्गवारीनुसार अनुदान आहे. त्या कायद्याची हद्द राज्याच्या सीमेपाशी संपते आणि मराठी वाचकाची संपत नाही. अनुदानाची वाट पाहण्यापेक्षा पुस्तकेच फिरती करावीत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या २००९ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमाने ग्रंथपेटी एका गटाकडे काही महिने ठेवावयाची आणि मग दुसऱ्या गटाशी बदलावयाची, ही साधी पद्धत रूढ केली. परदेशांतील मराठी मंडळींपर्यंत त्या पेट्या गेल्या. दुबईला जाणारी पेटी सौंसरला जाण्यास अडचण नसावी. नागपुरातून सत्तर किलोमीटरांचाच प्रश्न आहे. पण एक विनंती अशी की, पेटीत एकेका पुस्तकाची एकच प्रत न ठेवता निदान दोन पुस्तकांच्या पाचपाच प्रती ठेवाव्यात. पंचवीस माणसांनी पंचवीस निरनिराळी पुस्तके वाचली तर वाचन पुष्कळ होते. बोलणे होत नाही, कारण बोलावयास दोघांनी एकच पुस्तक वाचलेले असावे लागते. ग्रंथखरेदीच्या समित्यांना दुसरी प्रत ही उधळपट्टी वाटते. चर्चेच्या दृष्टीने पहिली प्रत अपुरी असते.

दुसरी गोष्ट वेळेची. संत्र्याच्या मुलखात बैठकांचे वेळापत्रक बागेला विचारून ठरवावे लागते. आंबिया बहाराची फळे पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यात तोडणीला येतात आणि मृगाची फेब्रुवारीपासून पुढे. त्या दिवसांत रविवारी संध्याकाळी कोणी येईल ही अपेक्षा व्यर्थ. पोथीचा काळ मात्र जुन्या लोकांनी विचारपूर्वक निवडला होता. आषाढी एकादशीनंतर पेरण्या आटोपलेल्या असतात, पाऊस घरात बसवितो, आणि ओसरीवर माणसे सहज जमतात. तेव्हा आषाढीपासून पोळ्यापर्यंतचे सहासात आठवडे एका पुस्तकाला द्यावेत. दर बैठकीत पहिली वीस मिनिटे नुसते मोठ्याने वाचन. वाचणारा दर वेळी निराळा, आणि त्यांतील निदान एक हिंदी शाळेत शिकणारा. पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोटमार यांच्या आठवड्यात सुट्टी. देवघेवीच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर त्या दिवशी कोणी कोणते मत मांडले आणि कोणी ते खोडले, हे दोन ओळींत, ज्या भाषेत बोलले गेले त्याच भाषेत, लिहून ठेवावे. भिन्न मते पडली तर म्हाइंभटांप्रमाणे दोन्ही टिपावीत.